बाहेरची तबकडी, घरची ठेव

घरातील यंत्रांविषयीच्या या सदरात संगणकाला बाहेरून जोडावयाच्या उपकरणांबद्दल लिहावे, अशी सूचना अनेक वाचकांनी वेळोवेळी केली आहे. विषय माझ्याही मनात होताच. परंतु त्यावर लिहावयाचे म्हणजे स्वतःच्या घरी घडलेली एक चूक चारचौघांत सांगावी लागणार, म्हणून लेखणी अडत होती. आमच्या चुकीने इतर दोन-चार घरे जरी सावध झाली, तरी ती सांगितल्याचे सार्थक होईल, असे आता वाटते.

आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्या रोजनिशा, नेमणुकीचे हुकूम, काही मोडी कागद, आणि आजीने माहेराहून त्यांना पाठविलेली पत्रे अशा दोन ट्रंका आमच्या घरी होत्या. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतून अशा ट्रंका असतात. त्या उघडल्या जात नाहीत, पण टाकवतही नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने सुटीचा पुरा महिना खर्चून त्या कागदांची स्कॅनरवर चित्रे घेतली. ती त्याच्या लॅपटॉपमध्ये मावेनात, तेव्हा त्याने एक बाहेरची हार्ड डिस्क आणली, सगळी चित्रे तीवर उतरविली आणि जागा मोकळी व्हावी म्हणून लॅपटॉपमधली पुसून टाकली. 'काका, आता बॅकअप झाला,' असे त्याने मला सांगितले. मीही मान डोलावली.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला. तळमजल्यावर ठेवलेल्या त्या दोन्ही ट्रंका भिजल्या. शाई पसरली, पाने एकमेकांस चिकटून लगदा झाला. 'कागद गेले तरी डिस्कवर आहेत ना,' असे म्हणून आम्ही सर्वांनी एकमेकांचे समाधान केले. त्याच वर्षी भाऊबीजेला सगळे कुटुंब जमले असता जुनी चित्रे पाहावीत म्हणून डिस्क काढली. ती टेबलाच्या कडेला होती. एक लहान मूल धावत आले, त्याचा पाय वायरीत अडकला, आणि चालू डिस्क फरशीवर आदळली. त्यानंतर तिच्यातून केवळ 'टक्, टक्' असा आवाज येत राहिला. 'एवढ्याशा उंचीवरून तर पडली आहे, पुन्हा लावून पाहू,' असे म्हणत आम्ही ती दहा वेळा लावली. हे आणखी वाईट केले, हे पुढे कळले.

तबकडीच्या आत काय असते?

संगणकाच्या पहिल्या चुंबकीय तबकड्या आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणल्या. त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि त्यावर जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज शर्टाच्या खिशात राहील अशा एक टेराबाइटच्या डिस्कवर त्याच्या दोन लाखपट माहिती राहते. मात्र आतील मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या वेगाने फिरते, आणि तिच्यावरून एक चिमुकले लेखन-वाचनाचे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगत जाते. टोक आणि तबकडी यांमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी ५०,००० ते १,००,००० नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अंतर किती नाजूक आहे याची कल्पना येईल.

डिस्क बंद असताना ते टोक बहुधा तबकडीपासून दूर, आपल्या जागी विसावलेले असते. त्या स्थितीत बसलेला धक्का ती पुष्कळदा सोसते. परंतु फिरत असताना पडली तर टोक तबकडीवर आपटते, लेप खरवडला जातो, आणि जेथे लेप गेला तेथील माहितीही कायमची जाते. त्यानंतर डिस्क पुन्हापुन्हा सुरू करणे म्हणजे मोडलेल्या टोकाने तीच जखम अधिक खोल करणे होय. म्हणून पडलेली डिस्क टकटक करू लागताच तिची वायर काढावी आणि ती पुन्हा जोडू नये. निर्धूळ खोलीत डिस्क उघडून माहिती परत मिळविणारे कारागीर असतात. त्यांचे काम खर्चिक असते आणि यशाची हमी कोणी देत नाही. आमची डिस्क आम्ही अशा एका ठिकाणी दिली. पृष्ठभागच खरवडला गेला आहे, असे उत्तर आले.

यावर उपाय म्हणून हल्ली एस.एस.डी. नावाचे साधन मिळते. त्यात फिरणारे काहीच नसते. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत साठविली जाते. ते पडण्याला फारसे भीत नाही आणि वेगही पुष्कळ अधिक. परंतु वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात पडून राहिल्यास तो विद्युत्भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. एवंच, रोजच्या ने-आणीसाठी एस.एस.डी. आणि एका जागी ठेवावयाच्या मोठ्या साठ्यासाठी फिरती डिस्क, अशी वाटणी सोयीची पडते. पेन ड्राइव्ह हे निरोप पोहोचविण्याचे साधन आहे, ठेव ठेवण्याचे नव्हे. शिवाय फार स्वस्त पेन ड्राइव्हवर छापलेला आकडा कित्येकदा खोटा असतो. तो भरत आला म्हणजे जुन्या माहितीवरच नवी लिहिली जाते, आणि फसगत फार उशिरा उमगते. नवा पेन ड्राइव्ह एकदा पूर्ण भरून, त्यावरील सर्व काही नीट उघडते की नाही हे पाहिल्यावाचून त्यावर भिस्त ठेवू नये.

जोडणी आणि वेग

पूर्वी छपाईयंत्रासाठी एक रुंद खाच, कळफलकासाठी एक गोल खाच, मोडेमसाठी तिसरीच, असा प्रकार असे. आणि बहुधा संगणक बंद केल्याखेरीज काही जोडता येत नसे. हा गोंधळ मिटविण्यासाठी सात कंपन्यांनी मिळून यूएसबीचा आराखडा तयार केला आणि जानेवारी १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या कामात इंटेल कंपनीतर्फे अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, ही आम्हा बडोदेकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. १९९८ साली ॲपल कंपनीने आपल्या आयमॅक संगणकातून जुन्या खाचा काढून टाकल्या आणि तेव्हापासून यूएसबीचा प्रसार झपाट्याने झाला.

या जोडणीच्या वेगाविषयी घरोघरी गैरसमज आढळतो. १९९८ च्या आवृत्तीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा ४८०, आणि २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा ५,००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४८० मेगाबिट हे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात तीस-पस्तीसच्या घरात पडतात. साधी बाहेरची डिस्क सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट देऊ शकते. म्हणून २०० गिगाबाइटचा साठा जुन्या खाचेतून उतरवायला दीड तासाहून अधिक लागतो, तर तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेतून अर्ध्या तासात काम आटोपते. ही खाच ओळखण्याची सोपी खूण अशी की, तिच्या आतील प्लॅस्टिकची जीभ पुष्कळदा निळी असते. २०१४ साली आलेली लहान, दोन्ही बाजूंनी बसणारी 'सी' आकाराची खाच हा मात्र केवळ आकार आहे. त्यातून किती वेग मिळणार हे संगणकावर आणि वायरीवरही अवलंबून असते. मोबाइलसोबत आलेली वायर डिस्कला लावली आणि काम गोगलगाईच्या गतीने चालले, तर दोष डिस्कला देऊ नये.

दुसरी गोष्ट विजेची. दुसऱ्या आवृत्तीची खाच ५०० मिलिअँपिअर, तर तिसऱ्या आवृत्तीची ९०० मिलिअँपिअर वीज देते. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क या विजेवर चालते. टेबलावर ठेवावयाच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र भिंतीतून स्वतंत्र वीज लागते. एका खाचेला चार तोंडांचा हब लावून त्यावर डिस्क, स्कॅनर आणि मोबाइल एकदम जोडले, तर चौघांत एकाचीच भाकरी वाटावी तसे होते. डिस्क सुरू होते, टिकटिकते, पुन्हा बंद पडते. आणि माणसे ती बिघडली असे समजून बसतात. अशा वेळी डिस्क थेट संगणकाला, तीही आखूड वायरीने जोडून पाहावी. अधिक उपकरणे लागत असतील तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्यावा. घरात चार-पाच काळे अडॅप्टर असतात, पिना सारख्याच दिसतात, पण व्होल्ट वेगळे असतात. यास्तव प्रत्येक अडॅप्टरवर त्याच्या उपकरणाचे नाव चिकटवून ठेवावे. गृहिणी मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतात, त्यातलाच हा शहाणपणा.

काही नित्याचे प्रश्न

एक टेराबाइटची डिस्क विकत घेतली आणि संगणक ९३१ गिगाबाइटच दाखवितो, दुकानदाराने फसविले काय, असे विचारले जाते. फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, फरक तेवढाच.

मोठी चित्रफीत डिस्कवर उतरत नाही, जागा तर भरपूर आहे, हा दुसरा प्रश्न. डिस्कवरील मांडणीच्या काही पद्धती असतात. फॅट३२ या जुन्या पद्धतीत चार गिगाबाइटहून मोठी एकच फाइल राहू शकत नाही. एनटीएफएस पद्धतीत ही अडचण नाही; परंतु ॲपलचे संगणक ती नुसती वाचतात, स्वतःहून तीवर लिहीत नाहीत. घरात दोन्ही प्रकारचे संगणक असतील तर एक्सफॅट पद्धत बरी. पद्धत बदलावयाची म्हणजे डिस्क कोरी करावी लागते, म्हणून हा निर्णय डिस्क आणल्याच दिवशी घ्यावा. आणि येथे एक इशारा. भरलेली डिस्क जोडल्यावर 'ही फॉरमॅट करावयाची काय?' असे संगणक कधी विचारू लागला, तर घाईने 'होय' म्हणू नये. मांडणीची यादी बिघडली आहे, आतील माल बहुधा शाबूत आहे, असा त्याचा अर्थ असतो. 'नाही' म्हणावे, वायर काढावी आणि जाणत्यास दाखवावे.

डिस्क काढण्यापूर्वी संगणकाला तसे सांगावे लागते, हे सर्वांस ठाऊक असते, पण पाळले जात नाही. 'उतरविले' असे संगणक दाखवितो तेव्हा शेवटचा काही भाग अद्याप त्याच्या स्मृतीतच असू शकतो. विंडोजने २०१८ नंतर बाहेरच्या साधनांवर ताबडतोब लिहिण्याची रीत स्वीकारली असली, तरी काम चालू असताना वायर ओढली तर नुकसान व्हावयाचेच. पाहुण्याला दारापर्यंत पोहोचविण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच हा.

स्कॅनरबाबत अनुभवाने कळलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. लेखी कागदांसाठी इंचाला ३०० बिंदू पुरेत. लहान जुन्या छायाचित्रांसाठी ६०० घ्यावेत. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात जीर्ण कागद कदापि घालू नये. सपाट काचेवर हाताने ठेवावा. काच पुसताना द्रव काचेवर न टाकता फडक्यावर टाकावा. छपाईयंत्र शाईचे असेल तर पंधरवड्यातून एक रंगीत पान तरी छापावे, नाहीतर शाईची सूक्ष्म छिद्रे सुकून बुजतात. ते यंत्रावरील बटणानेच बंद करावे. भिंतीवरचा स्विच आधी बंद केल्यास शाईचे टोक झाकण्यास यंत्राला अवसर मिळत नाही.

तीन, दोन, एक

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमची चूक नेमकी कोठे झाली? डिस्क पडली ही दुर्घटना होती. चूक त्याआधी दोन वर्षे, ज्या दिवशी लॅपटॉपमधील चित्रे पुसली त्या दिवशी झाली होती. माहिती बाहेरच्या डिस्कवर *हलविली* म्हणजे बॅकअप होत नाही. ती तेथेही *असली* म्हणजे होतो. एका कपाटातील दागिने दुसऱ्या कपाटात ठेवल्याने ते दुप्पट होत नाहीत. आम्ही बॅकअप या शब्दावर विसंबलो आणि प्रत्यक्षात एकुलती एक प्रत अधिक नाजूक जागी नेऊन ठेवली.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम या बाबतीत सर्वमान्य झाला आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी प्रत घराबाहेर असावी. पहिली प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा दुसऱ्या गावी. घराबाहेर ठेवण्याचे कारण पुराने आम्हाला शिकविलेच; आग आणि चोरीही तोच धडा देतात. दुसऱ्या प्रतीची डिस्क काम होताच संगणकापासून अलग करून ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा उपद्रव शिरला म्हणजे संगणकाला जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीतून सुटत नाही. कपाटातील डिस्कपर्यंत मात्र तो पोहोचत नाही.

तिसऱ्या प्रतीसाठी आम्हा बाहेरच्या मराठी कुटुंबांना एक सोय आपसूक लाभली आहे. आपले आप्त एका गावात नाहीत. कोणी इंदुरास, कोणी ग्वाल्हेरीस, कोणी बेळगावास, कोणी हैदराबादेस. पूर्वी याची खंत वाटे. या कामी तेच बळ ठरते. दोन घरांनी परस्परांची एकेक डिस्क सांभाळावी. आतील मजकूर खासगी असेल तर सांकेतिक कुलूप घालावे. मात्र त्याचा परवलीचा शब्द घरातील दोन जाणत्या माणसांना ठाऊक असावा. किल्ली हरवलेली तिजोरी आणि बिघडलेली डिस्क यांत फरक नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. डिस्क गेल्याचे कळून घर सुन्न झाले असता हैदराबादेहून आमच्या आत्याचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अरे, गेल्या खेपेस मुलाने मला दूरचित्रवाणीवर पाहायला तो बोटाएवढा तुकडा दिला होता, तो देवघरातल्या डबीत आहे. त्यात काही निघते का बघा." तो तुकडा कुरिअरने आला. त्यावर छायाचित्रे होती आणि आजोबांच्या रोजनिशांची बरीच पाने होती. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, संगणकाला कधी हात न लावलेल्या आत्यांनी घराबाहेरची प्रत सांभाळली होती. आजीची पत्रे मात्र त्यावर नव्हती. आत्यांना अक्षर वाचवणार नाही म्हणून पुतण्याने ती वगळली होती. ती ऐकून आत्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईचं अक्षर मला न वाचताही पाहायचं होतं रे." आजीचे अक्षर आता आमच्या घरात कोठेही उरलेले नाही.

तेव्हापासून घरात एक रीत सुरू केली आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. त्या दिवशी सकाळी दोन्ही डिस्का काढावयाच्या, जोडावयाच्या, नव्या वर्षाची भर घालावयाची, आणि कुठल्याही दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहावयाच्या. कारण न उघडलेला बॅकअप हा केवळ विश्वास असतो. चार-पाच वर्षे झालेली डिस्क चालत असली तरी तिच्या जागी नवी आणावयाची. डिस्कच्या पाठीवर तारीख लिहावयाची आणि मग हळदकुंकू वाहावयाचे, अर्थात खाचेपासून दूर! हैदराबादेची डिस्क आत्या त्याच दिवशी आपल्या नातवाकडून तपासून घेतात आणि फोनवर 'उघडलं बरं का सगळं' एवढे सांगतात. त्या चार शब्दांनंतरच आमच्याकडे पानावर बसतात.

आपल्या घरी अशी ट्रंक असेल, किंवा एकुलती एक डिस्क असेल, तर पुढच्या खंडेनवमीची वाट पाहू नये. येत्या रविवारी दुसरी प्रत करावी. ट्रंकेतील कागदही, चित्रे घेतली म्हणून, जमिनीवर ठेवू नयेत. माळ्यावर, कोरड्या जागी चढवावेत.